माझ्या गिअरची कुरकुर

“ज्ञानदा, गिअर कुरकुरतोय तोवर काळजी करू नको. पण कुरकुर थांबली ना, की मला लगेच कळव,” माझी किल्ली तिच्या हातात देताना शांतारामकाका म्हणाले होते.

ज्ञानदा हसली होती. “काका, कुरकुर थांबली तर कळवीन कशाला? पेढे वाटीन!”

काकाही हसले आणि विषय तिथेच संपला. मला मात्र हसू आलं नाही. मला हसता येत नाही म्हणा, पण येत असतं तरी आलं नसतं.

मित्रांनो, मी एक जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे. ओमान देशात रुस्ताक नावाचं गाव आहे, तिथे एका इमारतीच्या मागे पत्र्याच्या शेडखाली मी उभी असते. मला डोळे आहेत असं तुम्ही समजा, कारण माझ्या काचांमधून मला सगळं दिसतं. कानही आहेत. तोंड मात्र नाही. हॉर्न आहे, पण तो दुसऱ्या कोणीतरी दाबावा लागतो. आयुष्यात मला सगळ्यात जास्त चीड आली असेल ती याचीच. समोर चुकीचं घडतंय, आपल्याला ते दिसतंय, आणि आपण गप्प. तुम्हाला शाळेत कोणी तोंडावर बोट ठेवून बसवलं तर कसं वाटतं? मी जन्मभर तशीच बसले आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून जहाजाने मी मस्कतला आले आणि कुरुम भागातल्या एका दुकानात काचेमागे उभी राहिले. शांतारामकाका तेव्हा काका नव्हते, नुसते शांताराम होते. जवळच्याच एका ऑफिसात ते इमारतींचे नकाशे काढायचे. संध्याकाळी ऑफिस सुटलं की ते काचेबाहेर उभे राहून माझ्याकडे बघत बसायचे. त्यांच्याबरोबर कोकणातून आलेली माणसं गावी घरं बांधत होती, कलमं लावत होती. यांनी मला घेतलं.

“अरे, चार दारांची तरी घ्यायचीस!” मित्र म्हणाले.

“एकटा जीव मी. त्याला चार दारं कित्याक?” काका म्हणाले. चिडले किंवा खूश झाले की ते मालवणीत बोलायचे.

ते दिवस फार छान होते. समुद्राकाठच्या रस्त्याने आम्ही निघालो की पेट्रोल पंपावरची माणसं माझ्याभोवती गोळा व्हायची. मुलं काचेला नाक लावायची. दसऱ्याला काका मला धुऊन पुसून, गिअरच्या मुठीला हळदकुंकू लावून माळ घालायचे. झेंडू मिळाला तर झेंडूची, नाही तर प्लॅस्टिकची. मला दोन्ही चालायच्या.

आता तुम्हाला माझ्या पोटातली एक गोष्ट सांगते. गिअरचा दांडा असतो चालवणाऱ्याच्या हाताशी आणि गिअरबॉक्स असते लांब, पुढे इंजिनाला चिकटून. दोघांच्या मध्ये, माझ्या पोटाखालून, एक लांब सळई जाते. चालवणारा दांडा हलवतो आणि सळई तो निरोप पुढे पोचवते. मेकॅनिक तिला लिंकेज म्हणतात. दांड्याच्या खालच्या टोकाला एक खुंटी असते, सळईच्या टोकाला भोक असतं, आणि खुंटी त्या भोकात हलकेच फिरावी म्हणून दोघांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढी रबराची टोपी असते. तिला म्हणतात बुश. एवढासा तुकडा! पण तो गेला की दांडा नुसता हातात राहतो आणि निरोप कुणालाच पोचत नाही.

वर्षं गेली तसं ते रबर ओमानच्या उन्हात कडक झालं आणि कुरकुरू लागलं. गिअर बदलला की कुर्र. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट, चला, आपल्यालाही एक आवाज मिळाला, असंच वाटलं.

कुरकुर फक्त माझीच नव्हती. काकांचे गुडघेही कुरकुरू लागले होते. माझी सीट जमिनीलगत. “बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, आणि वर यायला पोहरा लागतो,” असं ते म्हणायचे. मग ते मला कमी चालवू लागले. मग कापड घालून ठेवलं. त्या कापडाखाली मी किती काळ काढला, आठवतसुद्धा नाही. वर कबुतरं बसायची, आत अंधार असायचा. कौतुक केलेल्या गाडीला विसरून जाणं माणसांना किती सोपं जातं, ते मला तिथे कळलं.

पुढे कुरुमचं ऑफिस बंद झालं आणि काका खाबुऱ्याला गेले. तिथे हमझा नावाच्या एका ओमानी कंत्राटदाराकडे ते नकाशे काढू लागले. खाबुरा समुद्रकाठी आहे. हमझाच्या आवारातच एका बाजूच्या खोलीत ते राहायचे, अगदी एकटे. जाण्याआधी त्यांनी मला चिन्मयला देऊन टाकलं. चिन्मयचे बाबा आणि काका गावी एकाच वाडीत वाढलेले. चिन्मयला रुस्ताकमध्ये नोकरी लागली होती, बायको आली होती, तान्ही मुलगी होती. बायको म्हणजे ज्ञानदा. मुलगी उर्वी.

ज्ञानदाला मी आवडले नाही. त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मागच्या सीटवर उर्वीची खुर्ची बांधायची म्हणजे आधी पुढची सीट वाकवा, मग स्वतः वाका, मग बाळाला तिरकं करून आत सरकवा. “ही गाडी आहे की योगासनांचा वर्ग?” असं ती रोज म्हणायची. पण मला मात्र ती फार आवडायची. उर्वीला बसवण्याआधी ती पट्ट्याची कडी हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघायची, तापली तर नाही ना. पट्टा लावला की ओढून बघायची. चार पावलं गेलं की आरशात बघायची आणि पुन्हा बघायची. इतकं लक्ष माझ्याकडेही कोणी कधी दिलं नव्हतं.

चिन्मय वाळवंटातल्या साइटवर जायचा, तो पंधरवडा पंधरवडा यायचा नाही. तेव्हा दवाखाना, भाजी, लसीकरण, सगळं ज्ञानदा आणि मी. उर्वी माझ्यात बसली की झोपायची. आणि गिअर बदलला की कुर्र! उर्वी जागी. पुन्हा थोपटणं, पुन्हा झोप, पुढे वळण आलं की पुन्हा कुर्र. ज्ञानदा रडकुंडीला यायची.

एक दिवस तिने दांड्याच्या बुडाशी असलेलं चामड्याचं झाकण उचललं, आणि पिशवीतून उर्वीच्या मालिशचं खोबरेल तेल काढून आत ओतलं. कुरकुर तिथल्या तिथे बंद!

“बघ,” ती उर्वीला म्हणाली, “उगाच गॅरेजवाल्यांच्या पाया पडायचं!”

मित्रांनो, तेव्हा मी आतल्या आत किती ओरडले असेन! रबराला खोबरेल सोसत नाही. ते फुगतं, मऊ पडतं. आणि आमच्याकडची धूळ म्हणजे दळलेल्या पिठासारखी बारीक. ती त्या तेलात बसली, तिचा काळा लगदा झाला, आणि दांडा हलला की तो लगदा जात्यासारखा बुश दळू लागला. पण वरून सगळं शांत. मधूनच बारीक कुर्र झालं की ज्ञानदा पुन्हा तेल ओतायची. काकांना कळवायचं तिच्या लक्षातही आलं नाही. आवाज नाही म्हणजे दुखणं नाही, असं तिला वाटलं. माझा एकुलता एक आवाज होता, तोही गेला.

आता काकांच्या फोनचं सांगते. काका दर शुक्रवारी फोन करायचे, आणि बहुतेक वेळा तेव्हा आम्ही भाजी आणायला बाहेर पडलेलो असायचो. ज्ञानदा फोन समोरच्या खाचेत ठेवायची आणि स्पीकर लावायची. “माझी लाडकी कशी आहे?” हा काकांचा पहिला प्रश्न माझ्याबद्दल असायचा. मग सुरू व्हायचं. एसी गळतो. हमझाचा कोंबडा पहाटेच्या आधीच बांग देतो. गुडघा. पुन्हा एसी. साखर वाढली. चपातीचं पीठ चांगलं मिळत नाही. पुन्हा गुडघा.

एका शुक्रवारी चिन्मय सुट्टीवर होता आणि शेजारच्या सीटवर बसला होता. आम्ही बाजाराबाहेर उभे होतो. काका गुडघ्यावर आले होते, तेवढ्यात मागे उर्वीने दूध सांडलं आणि भोकाड पसरलं. “काका, ठेवते हं, नंतर करते,” असं म्हणत ज्ञानदाने ओल्या बोटाने फोनवर टिचकी मारली आणि मागे वळली.

“संपलं एकदाचं,” उर्वीचं तोंड पुसत ती म्हणाली. “दर शुक्रवारी तेच रडगाणं! मी माझं मूल सांभाळू की यांचे गुडघे?”

“म्हातारा बोअर करतो गं, चालायचंच,” चिन्मय हसला.

फोन बंद झाला नव्हता. ओल्या बोटाची टिचकी फोनला कळलीच नव्हती. पडद्यावर अजून काकांचं नाव उजळलेलं होतं. मी ते बघत होते, आणि मला ते सांगता येत नव्हतं. मग पलीकडून फोन अगदी हळूच बंद झाला.

पुढच्या शुक्रवारी काकांचा फोन आला. “मी मजेत आहे. तुम्ही बरे ना? ठेवतो मग.” एवढंच. माझीही चौकशी नाही.

“आज काका कसे शहाण्यासारखे बोलले!” ज्ञानदा म्हणाली.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी फोन आलाच नाही. ज्ञानदा शेडखाली येऊन मला चालू करायची ती थांबली. खाचेतल्या फोनकडे बघत राहिली. मग तिने स्वतः लावला. फोन बंद होता. थोड्या वेळाने पुन्हा लावला. बंद. चिन्मय साइटवर होता, तिथे रेंज येते-जाते. तिने हमझाला लावला.

हमझाला हिंदी छान येतं. “हम लोग सब सलालामें हैं, मॅडम. शांताराम उधर खाबुरामेंही होगा. फिकर नहीं, इन्शाल्ला ठीक होगा.”

जुलैचे दिवस होते. जुलैत इकडची बरीच माणसं उन्हापासून पळून सलालाला जातात, तिथे तेव्हा गार असतं. म्हणजे त्या आवारात काका एकटेच होते. आणि बाहेर ऊन कसं, तर माझ्या दाराला हात लावला तर फोड यावा.

ज्ञानदाने मागे वाकून उर्वीचा पट्टा ओढून बघितला. “आजोबांकडे जाऊन येऊ हं आपण,” ती म्हणाली. तिचा आवाज साधा होता. पण तिने पाण्याच्या जेवढ्या बाटल्या माझ्यात भरल्या, त्यावरून मला कळलं की ती घाबरली आहे.

आम्ही निघालो. डोंगर मागे पडले, रस्ता समुद्राच्या बाजूला उतरू लागला. एका लहान गावाच्या राउंडअबाउटपाशी, म्हणजे गोल चौकापाशी, तिने वेग कमी केला आणि तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकायला दांडा ओढला. माझ्या पोटाखाली टप्प असा ओला आवाज झाला. दांडा तिच्या हातात लुळा पडला. सळई सुटली होती. इंजिन चालू, चाकं मोकळी. मी आपल्या वेगानेच घरंगळत जाऊन एका किराणा दुकानासमोर थांबले.

दुकानाचे मालक नुकतेच जुम्माची नमाज पढून येऊन शटर उघडत होते. वाकून त्यांनी आत बघितलं. मागे मूल बघितलं. ज्ञानदाच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघितलं.

“ताई, मराठी काय?”

“हो, हो! भाई, गिअर गेला माझा.”

“मी बदरुद्दीन. दापोलीचा.” त्यांनी खिडकीतून हात घालून दांडा फिरवला. “अरे, हा तर वरणातल्या पळीसारखा फिरतोय! खलास. आधी पोरीला आत आणा. अमीरुन्निसा! ही बघ कोण आली.”

दुकानात एसी होता. बदरुद्दीनभाईंच्या बायकोने, अमीरुन्निसाने, हात पुढे केले, पण ज्ञानदा उर्वीला सोडेना. अनोळखी घर, अनोळखी माणसं. शेवटी अमीरुन्निसा म्हणाली, “बाई, मी दार उघडं ठेवते. तुम्हाला तिथून दिसेल असं बसते.” आणि ती खरंच काउंटर सोडून दारातच स्टूल टाकून उर्वीला मांडीवर घेऊन बसली.

भाईंनी ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. शुक्रवार. “असरच्या नमाजानंतर येतो, इन्शाल्ला,” तो म्हणाला. भाईंची पिकअप त्यांचा भाऊ माल आणायला घेऊन गेला होता. टॅक्सीवाल्याला लावला, तो मस्कतला होता. प्रत्येक फोननंतर ज्ञानदा काकांचाही नंबर लावून बघत होती. बंद. बंद.

“संध्याकाळपर्यंत थांबा की,” भाई म्हणाले. “एवढी काय घाई?”

“भाई, एक म्हातारा माणूस एकटा आहे, त्यांना साखर आहे आणि फोन बंद आहे. मी आत्ता निघाले नाही तर…”

भाईंनी बाह्या वर केल्या. “यल्ला, चला. मग आपणच बघू.”

जॅक लावला. इथे एक लक्षात ठेवा मित्रांनो, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही, कोणीही शिरू नये. ज्ञानदाने माझ्या चाकांमागे दगड ठेवायला लावले, आणि जादा चाक काढून माझ्या पोटाखाली आडवं सारलं. मगच भाई खाली जायला निघाले. पण मी पडले बुटकी. डोकं गेलं, खांदे गेले, पोट काही जाईना.

“रोज सांगते, रात्रीचा भात कमी करा,” दारातून अमीरुन्निसा म्हणाली.

“आता ऐकव! हीच वेळ सापडली?”

शेवटी ज्ञानदाच खाली शिरली, पुठ्ठ्यावर पाठ टेकून. सायलेन्सरचा पाइप अजून तापलेला होता, तो तिच्या मनगटाला लागला. ती कळवळली, पण बाहेर आली नाही. मान वळवली की तिला दुकानाचं दार आणि उर्वीचे लोंबणारे पाय दिसत होते. ती दर थोड्या वेळाने ते बघून घेत होती.

भाई बाहेरून सूचना देत होते. “सळई दिसली? तिला खुंटीला लावा आणि ही सुतळी गुंडाळा. घट्ट!” ज्ञानदाने सुतळी गुंडाळली. चाक काढलं, जॅक उतरवला, उर्वीला बसवलं, पट्टा ओढून बघितला, आभार मानले. आम्ही निघालो. पहिला, दुसरा… आणि राउंडअबाउटचा वळसा पुरा होतोय तोच सुतळी तुटली. मी दुसऱ्या गिअरमध्ये अडकून पडले. त्याच गिअरमध्ये घोंगावत, पूर्ण वळसा घालून, आम्ही परत त्याच दुकानासमोर!

ज्ञानदाने स्टिअरिंगवर मूठ आपटली. “काय गं तुझं! आजच? आजच सुचलं तुला?” ती मला ओरडली. मला उत्तर देता आलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

पुन्हा जॅक, पुन्हा दगड, पुन्हा चाक, पुन्हा पुठ्ठा. या वेळी ती घाई न करता पडून राहिली आणि नीट बघू लागली. तिने खुंटीवरून बोट फिरवलं. बोटाला काळा लगदा लागला. त्यात रबराचे तुकडे होते, भिजवलेल्या शेंगदाण्यासारखे फुगलेले. तिने ते बोट नाकाशी नेलं. आणि त्या पेट्रोलच्या, धुळीच्या, तापलेल्या लोखंडाच्या वासातून तिला उर्वीच्या मालिशचा वास आला.

तिने दोन्ही हात खाली सोडले आणि डोळे मिटले.

“ताई? चक्कर आली काय?” भाईंनी वाकून विचारलं.

“काका म्हणाले होते,” खालून ती हळूच म्हणाली. “कुरकुर थांबली की कळव.” मला वाटतं, तेव्हा तिला नुसता गिअर आठवला नव्हता. ‘मी मजेत आहे, ठेवतो मग’ हेही आठवलं होतं.

“भाई, सुतळी नको. मऊ पण चिवट काहीतरी हवं, खुंटी आणि भोकाच्या मध्ये बसणारं. उन्हात न वितळणारं.”

भाईंनी दुकानात जाऊन नळीचा तुकडा आणला. जाड झाला. रबरबँड आणले. तुटले. ज्ञानदा खालून दाराकडे बघत होती. अमीरुन्निसाच्या मांडीवर उर्वी बाटलीतून दूध पीत होती.

“अमीरुन्निसाभाभी,” ज्ञानदा म्हणाली, “माझ्या पिशवीत दुसरी बाटली आहे. तिचं निपल द्या ना.”

“कशाला? इथे तर ही पितेय!”

“हिला नाही. गाडीला.”

भाभी उर्वीला कडेवर घेऊन उठलीच. ते निपल खुंटीवर टोपीसारखं ताणून बसलं. सळईचं भोक त्यावर दाबून चढवलं. भाईंनी शेजारच्या लाँड्रीतून हँगरची तार आणून पकडीने कापून दिली, ती ज्ञानदाने वरून आवळली. दांडा हलवून बघितला. पहिला पडला. दुसरा पडला. रिव्हर्स मात्र पडेना.

“मागे जायचंय कुणाला?” भाई म्हणाले. “यल्ला, निघा! पोचलात की फोन करा, आम्हाला घोर नको.”

गिअर बदलला की आता एक नवाच बारीक आवाज येत होता, चुईं. उर्वी जागी होती. ज्ञानदाने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने मला कधी इतक्या जपून चालवलं नव्हतं. प्रत्येक गिअर ती फुलाची पाकळी उचलावी तसा टाकत होती.

हमझाच्या आवाराचं फाटक नुसतं लोटलेलं होतं. काकांची खोली अंगणातच, मी तिच्या दारासमोर जाऊन थांबले. ज्ञानदाने उर्वीला कडेवर घेतलं आणि दार ठोठावलं. आतून उत्तर नाही. “काका!” पुन्हा ठोठावलं. “शांतारामकाका!” आत काहीतरी घरंगळल्याचा आवाज झाला. तिने दार ढकललं. कडी लावलेली नव्हती.

दार सताड उघडल्यामुळे मलाही आतलं दिसलं. गळका एसी चालू होता, देवाची कृपा. काका भिंतीला टेकून गादीवर बसले होते. पाण्याची रिकामी बाटली त्यांनी नुकतीच दाराकडे भिरकावली होती. त्यांचा एक पाय उशीवर होता, घोट्यापासून सुजून काळानिळा झालेला. डोळे तापाने तांबारले होते.

“कित्याक इलंस गो, एवढ्या उन्हातून?” ते म्हणाले. “पोराक घेवन?”

“काका, काय झालं हे?”

“मोरीत पाय घसरला. म्हटलं, मुरगळलाय, थोडं कापलंय, उतरेल. मग जखम चिघळली.”

“फोन का नाही केलात?”

“फोनचं चार्जर त्या टेबलावर. उठवेना, मग बॅटरी मेली.”

“पण आधी? पडलात त्या दिवशी फोन होता ना?”

काका दुसरीकडे बघू लागले. “होता गो. पण तुझं लहान मूल. म्हटलं, दर वेळी कुठे रडगाणं गात बसू?”

तो शब्द तिचा होता. माझ्यात बसून उच्चारलेला. मी ऐकलेला.

“काका… तुम्ही ऐकलंत त्या दिवशी?”

“काय? मी काय नाय ऐकूक.” काकांनी उर्वीकडे बोट नाचवलं. “हिका खाली ठेव. दमलीस तू.”

ते खोटं बोलत होते, हे मला माहीत होतं. ज्ञानदालाही कळलं. तिने माझ्यातून पाण्याची बाटली आणली. उर्वीला गादीवर बसवलं, काकांना घोट घोट पाणी पाजलं, आणि मग त्यांच्या खांद्याखाली आपला खांदा दिला. एक पाऊल, एक विसावा, असं करत त्यांना माझ्यापर्यंत आणलं. आणि कितीतरी वर्षांनी काका माझ्या सीटवर बसले. विहिरीत उतरल्यासारखे, कण्हत.

रिव्हर्स पडत नव्हताच. ज्ञानदाने अंगणातल्या खजुराला वळसा घालून मला फाटकाबाहेर काढलं आणि दवाखान्याकडे वळवलं. चुईं, दुसरा. चुईं, तिसरा.

काकांनी डोळे उघडले. “हा कसला आवाज? माझा गिअर असा नव्हता बोलत.”

“बुश फुटलं, काका. उर्वीच्या बाटलीचं निपल घातलंय.”

काकांनी गिअरच्या दांड्याकडे बघितलं. मग म्हणाले, “माझ्या स्पोर्ट्स कारला… निपल?”

“हो.”

“आणि सीट किती पुढे ठेवलीस गो! गुडघा आपटतोय माझा. एसीचं तोंड पण माझ्याकडेच. चालवतेस पण कशी, धक्के बसतायत!”

ज्ञानदा हसायला लागली. गाल पुसत, रस्त्यावरची नजर न काढता, हसतच राहिली. “बोला, काका,” ती म्हणाली. “अजून काय दुखतंय? सगळं सांगा.”

आणखी थोडा उशीर झाला असता तर पाऊल काढावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याबाहेर माझ्यात बसून ज्ञानदाने हे चिन्मयला फोनवर सांगितलं. तो फोन झाल्यावर तिने फोन उचलून पडद्यावर नीट बघितलं, बंद झालाय ना. मग बदरुद्दीनभाईंना लावला.

माझं नवं बुश मिळायला फार त्रास झाला. “इतकी जुनी गाडी? भंगारात द्या,” असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगणारेही भेटले. अखेर ते आलं, बसलं. आता रिव्हर्ससुद्धा पडतो. काका पाय बरा होईपर्यंत रुस्ताकलाच आहेत. संध्याकाळी काठी टेकत शेडखाली येतात आणि मी किती धुळकट झाले आहे यावरून ज्ञानदाला बोलतात. ती ऐकून घेते, कधी उलट बोलतेही. “मग पुसा की तुम्हीच, तुमची लाडकी ना!” मला दोन्ही आवडतं.

नवं बुश कुरकुरत नाही. म्हणजे माझा आवाज पुन्हा गेलाच. पण आता ज्ञानदा आवाजाची वाट बघत नाही. मधूनच दिवा घेऊन येते, चामड्याचं झाकण उचलते आणि बघते, आत सगळं ठीक आहे ना.

मित्रांनो, तुमच्या ओळखीतही असं कोणीतरी असेल. आजी, काका, शेजारचे आजोबा. आधी सारखं काही ना काही सांगत बसायचे, आणि हल्ली फोनवर नुसतं ‘मी मजेत आहे, ठेवतो’ म्हणतात. तुम्हाला ते बरं वाटत असेल, कारण खेळायला लवकर मोकळं होता येतं. मला तोंड नाही, म्हणून माझं एवढं काम तुम्ही करा. आज त्यांना फोन लावा. जवळ राहत असतील तर जाऊनच या. ‘मजेत आहे’ म्हणाले तर तेवढ्यावर सोडू नका. गुडघा कसा आहे ते विचारा, आणि ते सांगून संपेपर्यंत ऐका.